हाताची चूक आणि मनाचा निश्चय

(कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकील बंधूंनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पेशाने वकील आहे; वैद्यकाचा अभ्यास केलेला माणूस मी नव्हे. तेव्हा मेंदूविषयी बोलावयास हा गृहस्थ का उभा राहिला, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे कारण असे की, माणसाच्या हातून काय घडले आणि ते घडताना त्याच्या मनात काय होते, या दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवून पाहणे हा माझ्या व्यवसायाचा मोठाच भाग आहे. न्यायालयात आम्ही तो विवेक पाळतो. घरात मात्र आपण तो क्वचितच पाळतो. कोणाच्या हातून जुन्या वळणाची चूक झाली की आपण लागलीच निकाल देऊन मोकळे होतो : 'हिचे चित्तच थाऱ्यावर नाही', 'ह्याला बदलावयाचेच नाही'. हा निकाल बहुधा पुराव्यावाचून दिलेला असतो, हे मला आज आपणांस दाखवावयाचे आहे.

प्रथम रोजच्या अनुभवातील गोष्टी घेऊ. वीज गेलेली आहे हे आपणांस पक्के ठाऊक असते. मेणबत्ती शोधावयास म्हणून आपण आतल्या खोलीत जातो, आणि खोलीत शिरताच हात दिव्याचे बटण दाबतो. जानेवारी उजाडला तरी आठ-पंधरा दिवस अर्जावर मागील वर्षाचाच आकडा पडतो. अशी खाडाखोड केलेले कागद मी दरसाल पाहतो. स्वयंपाकघरात मिठाची बरणी वरच्या फळीवरून खालच्या फळीवर ठेवली, ठेवणारीही आपणच, तरी भाजी ढवळता ढवळता हात वरच्याच फळीवर जातो. आणि तेथे आता साखरेची बरणी असली तर भाजी गोड होते. या तिन्ही ठिकाणी माणसाला खरी गोष्ट ठाऊक होती. मग चूक केली कोणी?

या प्रश्नावर अतिशय मोलाचा प्रकाश एका अमेरिकन रुग्णामुळे पडला. त्याचे नाव हेन्री मोलेसन. त्याला अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, भयंकर झटके येत असत. १९५३ साली, त्याच्या वयाच्या २७ व्या वर्षी, शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतील काही भाग काढून टाकण्यात आला. झटके पुष्कळ कमी झाले. परंतु त्याबरोबर नवी आठवण साठविण्याची त्याची शक्तीही गेली. आता भेटलेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा समोर आला तर तो त्याला ओळखीत नसे. या रुग्णाची तपासणी डॉ. ब्रेन्डा मिल्नर या विदुषींनी केली. त्यांनी त्याला एक काम दिले : कागदावर दुहेरी रेघेत काढलेल्या चांदणीच्या आतून पेन्सिल फिरवावयाची, पण कागदाकडे थेट पाहावयाचे नाही, केवळ आरशातील प्रतिबिंबाकडे पाहून हात चालवावयाचा. आपण घरी करून पाहा. प्रथम हात भलतीकडेच जातो. मोलेसनचेही तसेच झाले. तीन दिवस त्याच्याकडून हा सराव करून घेण्यात आला आणि त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. आश्चर्य असे की, आपण हे काम पूर्वी कधी केले आहे, याची त्याला मुळीच आठवण नव्हती. माणूस विसरला होता, पण हात शिकला होता.

यावरून हे सिद्ध झाले की, मेंदूत आठवणींचे एकच कोठार नाही. 'मी अमुक शिकलो', 'अमुक ठिकाणी गेलो', 'अमुक ठरविले' ही जाणिवेची आठवण एका ठिकाणी, आणि हातापायांनी सरावाने कमावलेली आठवण दुसऱ्या ठिकाणी. या दुसऱ्या कामात मेंदूच्या खोल भागातील 'बेसल गँग्लिया' नावाच्या पेशीपुंजांचा मोठा वाटा असतो. एखादी कृती आपण प्रथम करतो तेव्हा कपाळामागील विचार करणारा मेंदू प्रत्येक पावलावर जागा असतो. तीच कृती त्याच ठिकाणी, त्याच क्रमाने पुनःपुन्हा केली की, तिच्या सर्व पायऱ्या एका गाठोड्यात बांधल्या जातात. मग गाठोड्याची पहिली गाठ सुटली की पुढील सर्व आपोआप उलगडते. मधल्या पायऱ्यांवर विचाराची गरज उरत नाही.

ही निसर्गाने केलेली मोठीच सोय आहे. भाकरी थापताना प्रत्येक थापेचा विचार करावा लागला असता, किंवा सायकल चालविताना प्रत्येक क्षणी तोल हिशेबाने सांभाळावा लागला असता, तर माणसाचा सारा दिवस तेवढ्यातच गेला असता. सवय हात सांभाळते म्हणून मन मोकळे राहते, आणि ते मोकळे राहते म्हणूनच आई भाकरी थापता थापता मुलाचा पाढा तपासू शकते. तेव्हा सवय ही आपली शत्रू आहे, असे कोणी समजू नये. ती एक आज्ञाधारक चाकर आहे. मात्र तिला मालकाचा नवा हुकूम फार उशिरा ऐकू येतो.

सवय आणि जाण यांची ओढाताण प्रत्यक्ष पाहावयाची असेल तर एक सोपा प्रयोग आहे. जॉन रिडले स्ट्रूप या अमेरिकन संशोधकाने तो १९३५ साली प्रसिद्ध केला. 'लाल' हा शब्द निळ्या शाईने लिहा, 'हिरवा' हा शब्द लाल शाईने, 'निळा' हा हिरव्या शाईने; आणि घरातील मंडळींना सांगा की, शब्द वाचू नका, केवळ शाईचा रंग सांगा. चांगले शिकलेले लोकही येथे अडखळतात. डोळ्यांपुढे अक्षर आले की वाचन आपोआप घडते. ते थांबविणे त्यांच्या हाती राहात नाही. परंतु ज्या लहान मुलाला अजून अक्षरओळख नाही, ते मूल भराभर रंग सांगून जाते. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. ज्याने वाचनाची मेहनत घेतली, तोच येथे चुकतो. म्हणजे अशी चूक अज्ञानातून येत नाही. पूर्वी नीट शिकलेल्या गोष्टीतून ती येते.

सवयीची गाठ सोडविण्याचे काम पुष्कळदा स्थळ करते. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी चित्रपटगृहात आलेल्या लोकांना मक्याच्या लाह्या दिल्या. काहींना ताज्या, काहींना आठवडाभरापूर्वीच्या शिळ्या. ज्यांना चित्रपट पाहताना लाह्या खाण्याची पक्की सवय होती, त्यांनी शिळ्या लाह्याही ताज्यांच्याच बरोबरीने खाल्ल्या. त्या त्यांना आवडल्या होत्या असे नव्हे. तशाच लोकांना साध्या बैठकीच्या खोलीत बसविले तेव्हा त्यांनी शिळ्या लाह्या बाजूला सारल्या. चित्रपटगृहातही नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खावयास सांगितले तेव्हा सवयीचा जोर ओसरला. अंधार, खुर्ची आणि पडदा ही स्थळाची खूण, आणि खुणेबरोबर चालणारा हात. खूण बदलली, किंवा हात बदलला, की विचाराला मध्ये शिरावयास जागा मिळते. हे सूत्र पुढे आपल्या कामास येणार आहे.

आता कोणी विचारील की, नवी सवय लागली म्हणजे जुनी पुसली जाते की नाही? याचे उत्तर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील अ‍ॅन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून मिळते. त्यांनी उंदरांना खाद्याच्या लालचीने चक्रव्यूहातील ठरावीक वाटेने धावावयास शिकविले. सवय पक्की झाल्यावर मेंदूतील पेशींच्या हालचालींत एक विशिष्ट घडण दिसू लागली. मग खाद्य देणे बंद केले. सवय मावळली व ती घडणही मावळली. पण खाद्य पुन्हा ठेवताच जुनी घडण फिरून उमटली. म्हणजे सवय मेली नव्हती, केवळ झोपली होती. जुन्या पाऊलवाटेवर गवत उगवले तरी जमिनीचा दबलेला पट्टा आत असतोच.

अशी झोपलेली सवय आपल्या भाषेतही आहे. १ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशात रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होते. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. हा हिशेब बाजारात बसविताना लोकांची किती तारांबळ उडाली असेल, याची कल्पना करा. १९६४ साली 'नवा' हा शब्दही गळाला आणि नुसता 'पैसा' राहिला. चार आण्यांची म्हणून ओळखली जाणारी पंचवीस पैशांची नाणी २०११ साली चलनातून गेली. तरी एखादे काम पूर्ण साधले म्हणजे आपण 'सोळा आणे' साधले असेच म्हणतो. हे निरुपद्रवी आहे. परंतु 'तोळा' या शब्दाचे तसे नाही. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. आज सराफाच्या दुकानात तोळा म्हटले की दहा ग्रॅम समजतात. समजा, एखाद्या जुन्या वाटणीपत्रात बहिणीच्या वाट्यास पाच तोळे सोने लिहिले आहे. जुन्या मापाने ते ५८ ग्रॅमांहून थोडे अधिक भरेल. आजच्या बोलीप्रमाणे ५० ग्रॅम. शब्द तोच, कान तोच. आणि सवयीने ऐकणाऱ्या बहिणीचे आठ ग्रॅम सोने कोणी चोरी न करताच कमी होते. म्हणून जुना कागद हाती आला की, त्या काळचे माप कोणते, हे अवश्य विचारा.

आता मी आपणांस एका संपूर्ण राष्ट्राची गोष्ट सांगतो. स्वीडन हा देश युरोपच्या उत्तरेस आहे. तेथे अठराव्या शतकापासून रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने हाकण्याची रीत होती; शेजारच्या नॉर्वे व फिनलंड या देशांत मात्र उजव्या बाजूने. शिवाय स्वीडनमधील बहुतेक मोटारींचे चक्र डाव्या बाजूस होते, म्हणजे त्या उजव्या बाजूने चालविण्यास सोयीच्या. तरीसुद्धा १९५५ साली लोकांचे मत घेतले तेव्हा सुमारे ८३ टक्के लोकांनी बदल नको म्हणून सांगितले. पुढे १९६३ साली तेथील संसदेने बदलाचा कायदा केला, आणि रविवार, ३ सप्टेंबर १९६७ हा दिवस मुक्रर झाला.

येथे कायद्याच्या माणसाला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कायदा संमत झाला म्हणजे लोकांचे हात बदलले, असे त्या सरकारने मानले नाही. मध्ये चार वर्षांचा अवधी ठेवला. या एकाच कामासाठी स्वतंत्र आयोग नेमला. मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला. घरोघरी माहितीपुस्तिका वाटल्या. दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्यांवरसुद्धा बदलाचे चिन्ह छापले. त्यावर गाणी रचली. लक्षावधी फलक नवे लावावे लागले. बसगाड्यांची दारे दुसऱ्या बाजूस आणली. त्या रविवारी पहाटे रस्त्यावर अत्यावश्यक वाहनांखेरीज बहुतेक सर्व वाहनांना बंदी होती. पाचला दहा मिनिटे कमी असताना सर्व वाहने थांबली, सावकाश उजव्या बाजूस गेली, आणि पाच वाजता पुन्हा चालू लागली. वेगाची मर्यादाही काही काळ कमी ठेवण्यात आली.

रक्तपात होईल, असे भाकीत अनेकांनी केले होते. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी, सोमवारी, देशभरात १२५ अपघातांची नोंद झाली. आधीच्या सोमवारांचे आकडे १३० ते १९८ यांच्या दरम्यान होते. एकही मृत्यू झाला नाही. असे का झाले? कारण त्या दिवशी चक्रावर बसलेला प्रत्येक मनुष्य जागा होता. आपला हात आपल्याला दगा देऊ शकतो, हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने हातावर पहारा ठेवला. परंतु पुढे नवलाई ओसरली, पहारा ढिला पडला, आणि १९६९ पर्यंत अपघाती मृत्यूंचे प्रमाण पूर्वीच्याच पातळीवर परत आले. यातून मी एक धडा घेतो. बदलाचा पहिला दिवस फारसा धोक्याचा नसतो. त्या दिवशी सर्व सावध असतात. जपावयाचे ते पुढच्या दिवसांत. दमलेल्या संध्याकाळी, घाईच्या सकाळी, भीतीच्या क्षणी. कारण मन थकले किंवा घाबरले की विचार मागे सरतो आणि जुनी सवय पुढे येऊन काम उरकते.

आता आपल्या घराकडे वळू. आपण ठरविलेला बदल हा एका दिवसाचा असतो. शब्द उच्चारले जातात, निश्चय होतो, आणि तो निश्चय खरा असतो. पण म्हातारी आई चाळीस-पन्नास वर्षे ज्या घरात वावरली, त्या घरात पायाला ठेच लागताच तिच्या तोंडून जुनेच नाव निघते. संध्याकाळी दिवा लावताना तिचा हात जुन्या कोनाड्याकडे वळतो. लगेच शिकलेला मुलगा कडाडतो, "आई, तुझे मन बदललेच नाही!" बंधूंनो, हा आरोप मी न्यायालयात टिकू देणार नाही. ठेच लागल्या क्षणी बोलली ती तिची जुनी सवय. मन काय म्हणते, हे पाहावयाचे असेल तर पुढच्या क्षणाकडे पाहा. ती थांबली का? तिने हात मागे घेतला का? 'अगबाई, चुकले,' असे ती म्हणाली का? तोच तिचा खरा जबाब. मोलेसनचा हात त्याच्या मनाला न कळविता शिकला. मग आईचे मन बदलल्यावर हाताला ती वार्ता उशिरा पोहोचली, तर त्यात नवल ते काय?

येथे एक रास्त आक्षेप निघेल. जो मनुष्य आपल्याला आजही वेगळ्या पेल्यातून पाणी देतो, त्यानेही 'सवयीने झाले' म्हणावे आणि आपण सोडून द्यावे काय? मुळीच नाही. सवय हे कृत्याचे स्पष्टीकरण होऊ शकेल. तो बचाव होऊ शकत नाही. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने १९५० सालीच अस्पृश्यता नष्ट केली. म्हणजे सवय मोडण्यास कितीतरी अवधी मिळाला. हेतू नसताना केवळ निष्काळजीपणाने केलेल्या कृत्याचीही जबाबदारी कायदा माणसावर टाकतो. येथेही कसोटी तीच लावा. चूक दाखविल्यावर जो ओशाळतो व पेला बदलतो, त्याच्या बाबतीत सवय बोलली. जो उलट 'आमच्याकडे असेच असते' म्हणतो, त्याच्या बाबतीत मनच बोलले आहे. पहिल्याला अवधी द्यावा. दुसऱ्याला कायदा दाखवावा.

मग नवी सवय लागण्यास किती दिवस लागतात? एकवीस दिवसांत सवय लागते, असे पुष्कळजण सांगतात. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांचा याबाबत अभ्यास केला; तो २०१० साली प्रसिद्ध झाला. ठरलेल्या वेळी फळ खाणे, पाणी पिणे, फिरावयास जाणे अशा साध्या गोष्टी लोकांनी निवडल्या होत्या. त्या अंगवळणी पडण्यास लागणाऱ्या काळाचा मध्य निघाला ६६ दिवस. पण माणसामाणसांतील फरक केवढा? कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एखादा दिवस चुकला तर सवयीच्या घडणीत विशेष बिघाड होत नाही. म्हणजे एका चुकीने सारे वाया गेले, असे मानून जो सोडून देतो, तोच खरा हरतो.

तेव्हा मी आपणांस चार गोष्टी सुचवितो. पहिली : जुनी खूण जागेवरून हलवा. कोनाडा रिकामा ठेवू नका. त्यात मुलांची पुस्तके ठेवा, म्हणजे हात तेथे गेला तरी पुस्तकावर पडेल. दुसरी : 'हे करू नका' एवढेच सांगू नका; त्या वेळी, त्या ठिकाणी, त्याऐवजी काय करावयाचे, हे ठरवून द्या. सवयीला रिकामी जागा मानवत नाही. तिसरी : स्वीडनप्रमाणे सर्वांनी मिळून, एकाच दिवसापासून, सावकाश वेगाने सुरुवात करा. घरातील एकाने डावीकडून व दुसऱ्याने उजवीकडून चालावयाचे ठरविले तर टक्कर होणारच. चौथी : चूक झाली की हसून सुधारा. धाकाने चूक कमी होत नाही. घाबरलेला मनुष्य अधिकच जुन्या वळणावर जातो, हे मी आताच सांगितले. मुलांनाही हे सांगून ठेवा. नव्या शाळेत, नव्या भाषेत, नव्या कामावर त्यांचा हात प्रथम जुन्याच वाटेने जाईल. तेव्हा त्यांनी स्वतःला मठ्ठ समजू नये.

निश्चय करणे एका क्षणाचे काम आहे, आणि तो क्षण मोठा असतो. तो निश्चय पायापर्यंत, हातापर्यंत आणि जिभेपर्यंत पोहोचविणे हे पुष्कळ दिवसांचे काम आहे, आणि ते घरातील सर्वांनी एकमेकांना सांभाळून करावयाचे आहे. आज घरी गेल्यावर कोणाचा हात चुकून जुन्या फळीकडे गेला, तर रागावू नका. बरणी आता कोठे आहे, एवढेच सांगा.

जय भीम.